एबीएसचा पिवळा लाइट लागला की आधी चाकाकडं बघा, मॉड्यूल नंतर

मीटरमध्ये एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणाऱ्या सिस्टीमचा, पिवळा लाइट लागला की आपल्याकडं दोन सल्ले फुकट मिळतात. एक, "काय होत नाय ओ, ब्रेक लागतोय न्हवं, चालवा तशीच." आणि दुसरा, "मॉड्यूल गेलंय, चाळीस हजार धरून चाला." (मॉड्यूल म्हणजे एबीएसचा पंप, व्हॉल्व्ह आणि कॉम्प्युटर असलेला डबा.) मला दोन्ही मिळाले, एकाच आठवड्यात, आणि तिसरा एकजण तर मीटर खोलून त्या लाइटवर काळी टेप लावायला निघालेला. मी मिस्त्री नाही, कुपवाड एमआयडीसीत लेथवर काम करतो, गाडी जुनी घेतलेली आहे आणि घरी मल्टिमीटर आहे, एवढंच भांडवल. पण त्या लाइटच्या मागं लागून दोन महिने जे काय शिकलो ते एकदा सविस्तर लिहितो, कुणाचे तरी पैसे वाचतील.

आधी लाइट कुठला ते नीट बघा. एकटा पिवळा एबीएस लाइट असेल तर साधा ब्रेक चालू असतो, फक्त कचकन दाबला तर चाक लॉक होऊन गाडी घसरू शकते, म्हणजे २०-२५ वर्षांपूर्वीच्या गाडीसारखी चालवायची आणि सावकाश गॅरेजला न्यायची. गाडीच्या मागं दोन वाकड्या रेषा असं चित्र पिवळं लागलं असेल तर स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे ईएसपी, बंद पडलंय. त्याच्याखाली ऑफ लिहिलेलं असेल तर घाबरू नका, डॅशबोर्ड पुसताना कुणीतरी बटण दाबलेलं असतं. पण लाल ब्रेकचा लाइट आणि पिवळा एबीएस दोन्ही एकदम लागले तर गाडी बाजूला घ्या. हँडब्रेक पूर्ण खाली आहे का बघा, ब्रेक ऑइलची टाकी बघा, आणि दोन्ही बरोबर असूनही लाइट जात नसतील तर पुढं मागं ब्रेकचा जोर वाटून देणारी सिस्टीम, ईबीडी, गेलेली असू शकते. अशात जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गरकन फिरते. तिथून टो करून न्यायची, चालवत नाही.

हे काम कसं करतं ते थोडक्यात सांगतो, कारण हे कळलं की अर्धा दोष घरबसल्या सापडतो. चार चाकांना चार स्पीड सेन्सर. ब्रेक दाबल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा एकदम हळू पडलं की कॉम्प्युटरला कळतं की हे आता लॉक होणार, मग त्या चाकाच्या लाइनमधला व्हॉल्व्ह बंद होतो, दुसरा उघडून प्रेशर सोडतो, पंप ते ऑइल परत ढकलतो, आणि हे सेकंदाला कितीतरी वेळा होतं म्हणून पायाखाली पेडल थरथरतं. ईएसपी त्याच पंपावर आणि त्याच व्हॉल्व्हवर चालतं, फक्त त्याला स्टिअरिंग किती वळलंय आणि गाडी खरोखर किती फिरतेय हे सांगणारे सेन्सर जास्तीचे असतात. दोन्हीत फरक पडला की ते एकाच चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करतं. त्यामुळं एका चाकाचा सेन्सर मेला तरी एबीएस, ईएसपी आणि हिल होल्ड (चढावर गाडी मागं जाऊ न देणारं) असे तीन लाइट एकदम लागतात आणि माणसाला वाटतं तीन वस्तू गेल्या. गेलेली एकच असते. तसं हे काय नवीन नाही, बॉशचं एबीएस १९७८ सालीच मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आलं आणि ईएसपी १९९५ ला, आपल्याकडं मात्र कारना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१८ पासून नवीन मॉडेलला आणि एप्रिल २०१९ पासून सगळ्यांना. म्हणून गावातल्या चांगल्या हाताच्या मिस्त्रीलाही अजून त्याची भीती वाटते, त्यात त्याचा दोष नाही.

पाना हातात घ्यायच्या आधी तीन-चार फुकटच्या गोष्टी बघून घ्या. बॅटरी कमजोर असेल तर स्टार्ट मारताना व्होल्टेज पडतं आणि एबीएस रुसतं. बंद गाडीत साडेबाराच्या आसपास आणि चालू गाडीत साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट पाहिजेत. बॉनेटमधल्या फ्यूजबॉक्सच्या झाकणावर एबीएस लिहिलेले बहुतेक दोन मोठे फ्यूज असतात, एक पंपाच्या मोटरचा आणि एक व्हॉल्व्हचा, ते काढून बघा, नुसते वरून बघू नका. टायर बघा. पंक्चर झाल्यावर लहान साइजची स्टेपनी लावली आणि पंधरा दिवस तशीच ठेवली तर ते चाक जास्त वेगानं फिरतं आणि कॉम्प्युटरला वाटतं काहीतरी गडबड आहे. आणि कुणालातरी मागं उभं करून ब्रेक लाइट बघा. पेडलचा स्विच खराब झाला असेल तर लाइट लागत नाही नाहीतर विझत नाही, आणि त्या स्विचवर एबीएस पण अवलंबून असतं. पेडलजवळचा हा छोटासा स्विच, तो कुणी बघतच नाही.

आता स्कॅनर. ऑनलाइन मिळतो तो स्वस्तातला निळा ब्लूटूथवाला डोंगल बहुतेक इंजिनचेच कोड वाचतो, एबीएस त्याला दिसत नाही, आणि त्यात काही नाही दिसलं म्हणून गाडी ठीक आहे असं समजू नका. एबीएसमध्ये शिरणारा स्कॅनर पाहिजे, आमच्या सांगलीत शंभर फुटी रोडवर बऱ्याच जणांकडं आहे, नुसतं स्कॅन करायचे पैसे द्या आणि कोड स्वतःच्या डोळ्यानं बघून कागदावर लिहून घ्या. पुसायच्या आधी लिहा, हे महत्त्वाचं, एकदा पुसला की पुरावा गेला. कोडच्या सुरुवातीला सी असतं. सी ००३५ पुढचं डावं चाक, सी ००४० पुढचं उजवं, सी ००४५ मागचं डावं, सी ००५० मागचं उजवं, हे सर्वसाधारण कोड झाले, कंपनीचे स्वतःचे वेगळे असतात ते मॅन्युअलमध्ये बघायचे. डावं-उजवं म्हणजे गाडीत बसून पुढं तोंड केल्यावरचं, समोर उभं राहून बघितल्यावरचं नाही. मी स्वतः हसण्यासारखा प्रकार केलाय, एक पूर्ण दुपार चुकीच्या चाकाखाली घालवलीय.

कोडपेक्षा मला लाइव्ह डेटा, म्हणजे गाडी चालताना स्कॅनरवर दिसणारे आकडे, जास्त भरवशाचा वाटतो. शेजारी एकाला स्कॅनर देऊन बसवा आणि मोकळ्या रस्त्यानं वीसच्या स्पीडनं सरळ जा, चारही चाकांचे आकडे सारखे पाहिजेत. एक कायम शून्य असेल तर सेन्सर, वायर नाहीतर त्याच्या समोर चाकाबरोबर फिरणारी रिंग. मध्येच उडतोय, परत येतोय, तर वायर कुठंतरी तुटत आलीय. आणि एक प्रकार फार फसवा आहे. लाइट लागत नाही, कोड पण नाही, पण गाडी थांबता थांबता अगदी शेवटच्या पाच-दहाच्या स्पीडला पेडल कर्रर्र करून थरथरतं आणि गाडी हातभर पुढं सरकते. लोक पॅड बदलतात, डिस्क टर्न करून आणतात. दोष असा की एका चाकाचा सिग्नल कमजोर आहे, हळू स्पीडला तो आधीच शून्य होतो, आणि कॉम्प्युटरला वाटतं चाक लॉक झालं म्हणून तो ब्रेक सोडतो. स्क्रीनवर बघा, बाकी तीन सहा दाखवतायत आणि एक शून्यावर आलंय, तेच चाक.

चाक खोलताना जागा सपाट आणि टणक पाहिजे. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात जॅक लावला की गाडी वर जायच्या ऐवजी जॅक खाली जातो, त्यामुळं फरशीवर नाहीतर जाड फळीवर. नट जमिनीवर असतानाच ढिले करा, हँडब्रेक ओढा, दुसऱ्या चाकांना दगड लावा, आणि गाडी घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, बसवल्याशिवाय खाली हात सुद्धा घालायचा नाही.

चाक निघालं की सेन्सर काढायची घाई नको. आधी वायर हातानं चाचपत शेवटपर्यंत जा. स्टिअरिंग डावीकडं पूर्ण, उजवीकडं पूर्ण फिरवून वायर कुठं ताणतेय, कुठं घासतेय, क्लिपमधून सुटलीय का ते बघा. ऊसाच्या सीझनला तर वेगळीच मजा असते, ट्रॉल्यांतनं पडलेलं पाचट आणि वाड्याचे लोळ ॲक्सलला गुंडाळत जातात आणि सेन्सरची वायर बरोबर ओढून घेतात. शेताच्या कडेला गाडी लावणाऱ्यांना उंदराचं सांगायला नकोच. आणि २००५, २०१९ नाहीतर २०२१ च्या पुरात बुडालेली गाडी कुणी स्वस्तात गळ्यात मारली असेल तर प्रत्येक कपलर (वायरी जोडायचा प्लग) उघडून बघा, आत पितळेवर हिरवी बुरशी धरल्यासारखा गंज असतो, वरून सगळं चकाचक.

वायर आतून तुटलेली असते पण वरचं रबर शाबूत असतं, हे सगळ्यात जास्त फसवतं. मल्टिमीटर बीपवर ठेवून कपलरच्या दोन्ही टोकाला पिना लावा आणि वायर वाकवत जा, बीप जिथं तुटतो तिथंच दोष. जोडताना नुसतं पीळ देऊन टेप गुंडाळू नका, दोन पावसांत परत तेच. स्वच्छ तांबं दिसेपर्यंत कापा, सोल्डर करा, वर हीट श्रिंकची नळी. आणि जोड वाकणाऱ्या भागात ठेवू नका, सोल्डर कडक होतो आणि त्याच्या शेजारीच वायर तुटते, लागलं तर लांब तुकडा घालून जोड न हलणाऱ्या जागी न्या. दोन वायरींना मुळात पीळ असेल तर तसाच पीळ परत द्या.

मग सेन्सर तपासा. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये नुसती कॉइल असते, तिचा रेझिस्टन्स साधारण ८०० ते २००० ओहममध्ये येतो, दुसऱ्या बाजूच्या सेन्सरशी ताडून बघितलेलं बरं, आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवून हातानं चाक फिरवलं की थोडंसं व्होल्टेज हलताना दिसतं. नवीन गाड्यांत मात्र हॉलवाला, म्हणजे सप्लायवर चालणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर असतो, त्याला ओहम लावून काही कळत नाही, उलट खराब होऊ शकतो. तिथं कपलर काढून चावी ऑन करून गाडीच्या बाजूनं सप्लाय येतोय का बघायचं, बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या आसपास व्होल्टेज येतं. सप्लायच नसेल तर नवीन सेन्सर घालून काय उपयोग, वायर नाहीतर मॉड्यूलकडं बघायला लागतं. दोन वायरींचा हॉल सेन्सर करंट ७ मिलिअँपियर आणि १४ मिलिअँपियर असा वर-खाली करून सिग्नल देतो, पण ते बघायला जरा सराव लागतो.

सेन्सर बहुतेक दहाच्या पान्याच्या एका बोल्टवर असतो. बोल्ट निघतो, सेन्सर निघत नाही. नकलच्या (चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं त्या लोखंडी भागाच्या) भोकात गंज धरून तो जाम बसतो आणि आपण वायरला धरून ओढतो, तिथंच वाट लागते. गंज सोडवायचा स्प्रे मारा, दहा-पंधरा मिनिटं चहा प्या, मग सेन्सरच्या डोक्याला धरून थोडं थोडं डावी-उजवीकडं फिरवा. बाहेर आला की टोकाकडं बघा, लोखंडाची काळी भुकटी चिकटलेली असते, ब्रेकची आणि बेअरिंगची, ती फडक्यानं पुसा. भोकात आणि सेन्सर टेकतो त्या जागेवर गंजाचा थर असेल तर पॉलिश पेपरनं घासून काढा, कारण त्या थरामुळं सेन्सर अर्धा-एक मिलिमीटर वर उचलला जातो आणि तेवढ्यानंच तो वर सांगितलेला शेवटच्या पाचच्या स्पीडचा कर्रर्र प्रकार होतो. कितीतरी वेळा एवढ्या घासण्यानंच काम होतं. परत बसवताना ठोकू नका, हातानं जायला पाहिजे.

सेन्सर समोर काय बघतो, तर रिंग. जुन्या गाड्यांत ॲक्सलच्या बाहेरच्या जॉइंटवर दात असलेली लोखंडी रिंग असते, तिला तडा जातो, दात मोडतो, गंजून फुगते. चाक हातानं फिरवत टॉर्च मारून पूर्ण गोल बघा. नवीन गाड्यांत दात दिसतच नाहीत, बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकाचे पट्टे असतात, आणि आता माझी गोष्ट इथं येते.

माझं पुढचं उजवं बेअरिंग घुं घुं करत होतं म्हणून एका गॅरेजमध्ये बदलून घेतलं. तिथून घरी येईपर्यंत एबीएस लाइट. ते म्हणाले योगायोग आहे, सेन्सर गेला. सेन्सर बदलला, तोच कोड. दुसरा सेन्सर, चांगल्या दुकानातनं, तोच कोड. मग दुसऱ्या ठिकाणी ते चाळीस हजारांचं मॉड्यूल ऐकलं आणि रात्री झोप लागेना. लाइट लागला कधी, बेअरिंग बदलल्यावर, आणि मी मात्र बेअरिंग सोडून बाकी सगळं बघत बसलेलो. दुसऱ्या दिवशी सेन्सर काढला, बायकोच्या शिवणाच्या डब्यातनं टाचणी घेतली, तिला दोरा बांधला आणि सेन्सरच्या भोकातनं हळूच आत सोडली. काहीच नाही, लोंबकळत राहिली. तीच टाचणी डाव्या चाकाच्या भोकात सोडली तर आत जाता जाता टक्कन वाकडी होऊन सीलला चिकटली. दोऱ्यानं ओढली तर जरा धरून सुटली. म्हणजे उजवं बेअरिंग उलटं दाबलं होतं, चुंबकाची बाजू बाहेर गेली आणि सेन्सरसमोर नुसतं साधं सील आलं. दोन्ही बाजू दिसायला जवळजवळ सारख्या, फक्त चुंबकाची बाजू जरा तपकिरी-काळी आणि सपाट असते. दाबून काढलेलं बेअरिंग परत वापरता येत नाही, म्हणून नवीन आणलं, आमच्याच वर्कशॉपच्या प्रेसवर बसवलं, आणि दाबायच्या आधी टाचणीनं बाजू तपासली. तुम्ही कुठंही बेअरिंग बदलत असाल तर मिस्त्रीशेजारी उभं राहा आणि टाचणी खिशात ठेवा. आणि नवीन बेअरिंग कधी चुंबकाच्या स्टँडवर नाहीतर लोखंडी कीस पडलेल्या टेबलावर ठेवू नका, ते पट्टे खराब होतात.

ईएसपी एकटंच नाटक करत असेल तर चाकाखाली जायच्या आधी आठवा की नुकतंच व्हील अलाइनमेंट केलं का, स्टिअरिंग काढलं होतं का, बॅटरी काढली होती का. स्टिअरिंग सरळ असून स्कॅनरवर ॲंगल सात-आठ डिग्री दिसतो, म्हणजे सेन्सरला सरळ कुठं तेच माहीत नाही, त्याला स्कॅनरवरनं शून्य करायला लागतं. काही गाड्यांत बॅटरी जोडल्यावर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून थोडं सरळ चालवलं की लाइट आपोआप जातो. आणि गाडी किती फिरतेय ते मोजणारा यॉ सेन्सर बऱ्याच गाड्यांत सीटच्या खाली नाहीतर मधल्या कन्सोलमध्ये असतो. साउंड सिस्टीम बसवणाऱ्यानं तो सोडून बाजूला वाकडा ठेवून दिला की संपलं.

ब्रेक ऑइल हा सगळ्यात दुर्लक्षित विषय. ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदला. डॉट ४ चा उकळायचा बिंदू नवीन असताना किमान २३० डिग्री आणि पाणी ओढल्यावर १५५, डॉट ३ चा २०५ आणि १४०. खंबाटकी नाहीतर यवतेश्वरचा घाट उतरताना सारखा ब्रेक दाबून पेडल मऊ झालं ते याच्यामुळं. आणि तेच पाणी मॉड्यूलच्या आतल्या बारीक व्हॉल्व्हना गंजवतं. टाकीवर लिहिलंय तेच घाला, डॉट ५ सिलिकॉनचं असतं ते एबीएसला नको, आणि इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंग ऑइल चुकून सुद्धा नाही, सगळी रबरं फुगतात. पॅड बदलताना पिस्टन मागं दाबला की कॅलिपरमधलं घाण ऑइल उलटं मॉड्यूलमध्ये जातं, म्हणून कॅलिपरवरच्या हवा काढायच्या निपलला नळी लावून तो जरा उघडून दाबा. हवा काढताना टाकी रिकामी होऊ देऊ नका. एकदा का हवा मॉड्यूलमध्ये शिरली की पेडल कितीही पंप करा मऊच राहतं, मग स्कॅनरनं पंप आणि व्हॉल्व्ह चालवून हवा काढायला लागते.

मॉड्यूल खरंच गेलं असं कधी म्हणायचं, तर कोड पंपाच्या मोटरचा नाहीतर व्हॉल्व्ह रिलेचा आहे, किंवा यू ०१२१ म्हणजे बाकी गाडीचा एबीएसशी संपर्कच तुटलाय, आणि सप्लाय आणि अर्थिंग दोन्ही तपासून झालंय. अर्थिंगचा बोल्ट चॅसिसला गंजलेला असतो, तो घासून घट्ट करा आधी. तरीही नाही, तर आतल्या बोर्डाचं सोल्डर सुटलेलं असू शकतं, ते दुरुस्त करणारे लोक आहेत, नवीन घ्यायच्या आधी त्यांना विचारा. भंगारातलं घेत असाल तर पार्ट नंबर तंतोतंत तोच पाहिजे आणि गाडीला कोडिंग करून घ्यायला लागतं. ब्रेकचे पाइप सोडायचं हे काम मात्र घरी करू नका, मी पण करत नाही.

सगळं जोडल्यावर निघायच्या आधी पेडल चार-पाच वेळा दाबून टणक झालंय का बघा, पिस्टन मागं दाबलेले असतील तर पहिला दाब सरळ खाली जातो. कोड पुसा. काही गाड्यांत लाइट जागेवर जात नाही, चाक थोडं फिरून सिग्नल बरोबर आला की मगच विझतो, माझा गेटपासून वीस-तीस मीटरवर विझला. मग सुट्टीच्या दिवशी सकाळी एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर, मागं कुणी नाही बघून, तीस-चाळीसच्या स्पीडला खडी पसरलेल्या पट्ट्यावर ब्रेक पूर्ण दाबला. पेडल थरथरलं, गाडी सरळ थांबली. सीट बेल्ट लावूनच हे करा आणि गाडीत सामान सुटं ठेवू नका, माझ्या मागच्या सीटवरनं भडंगाची पिशवी पुढं येऊन फुटली आणि गिअरच्या खाली अजून शेंगदाणे सापडतात. आठवडाभर चालवून परत एकदा स्कॅन करा, लाइट नसला तरी आत जुना कोड परत आलाय का ते बघायला.